भाकरी आणि कोरड्यास : एका न्याहारीचा शास्त्रीय इतिहास

नगरहून बीडकडे जाताना आष्टी तालुक्यात कडा हे गाव लागते. परिसर अवर्षणप्रवण. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, जोडीला तूर, हरभरा, हुलगा, करडई. सकाळची न्याहारी म्हणजे भाकरी, कित्येकदा रात्रीची शिळी. तिच्याबरोबर जे काही खायचे त्याला या भागात 'कोरड्यास' म्हणतात. मग ते पिठले असो, हुलग्याचे माडगे असो, नाही तर कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर धार धरलेले कच्चे तेल.

शहरात अलीकडे न्याहारीला ओट आले. ओटची लापशी पौष्टिक खरी, पण नुसती पुरत नाही, तिच्यात प्रथिने आणि चांगले स्निग्ध पदार्थ घालावेत, असे सांगितले जाते. म्हणून कोणी दही घालतो, कोणी बदाम, कोणी जवसाची पूड. म्हणजे प्रश्न दोन्हीकडे एकच आहे : धान्य हा न्याहारीचा पाया, पण त्याला जोड कशाची हवी आणि का? याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा एक मोठा टप्पा आपल्याच दख्खनच्या पठारावर, ज्वारी खाणाऱ्या माणसांमध्ये पार पडला. वाटेत पोषणशास्त्र एकदा प्रथिनांच्या बाजूला झुकले, एकदा उष्मांकांच्या बाजूला. दोन्ही वेळा फटका बसण्याची भीती होती ती लहान मुलांना.

माळेतला कमी पडणारा मणी

एकोणिसाव्या शतकात प्रथिने म्हणजे सगळी सारखीच, असा समज होता. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये थॉमस ऑसबोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी तो मोडला. त्यांनी उंदरांच्या पिल्लांना बाकी सर्व घटक दिले, पण प्रथिन मात्र फक्त मक्यातले, झीन नावाचे दिले. पिल्ले खंगत गेली. त्या आहारात ट्रिप्टोफॅन हे अ‍ॅमिनो आम्ल घातल्यावर त्यांचे वजन टिकले, पण वाढ होईना. लायसिन हे दुसरे अ‍ॅमिनो आम्ल घातल्यावर ती वाढू लागली. हे निष्कर्ष १९१४ साली प्रसिद्ध झाले.

वर्गात हे माळेच्या उदाहरणाने समजावता येईल. ठरावीक क्रमाने रंगीत मणी ओवून माळा करायच्या आहेत. लाल मणी पाच माळांपुरतेच असतील, तर बाकीचे मणी पन्नास माळांना पुरतील एवढे असूनही माळा पाचच होतील. शरीर प्रथिने बांधते तेव्हा अ‍ॅमिनो आम्लांचे असेच होते. तृणधान्यांत कमी पडणारा लाल मणी म्हणजे लायसिन. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते जेमतेम २ ग्रॅम असते, बाजरीच्या प्रथिनांत थोडे अधिक, ओटच्या प्रथिनांत सुमारे ४ ग्रॅम. हरभऱ्याच्या प्रथिनांत मात्र ते साडेसहा ते सात ग्रॅम असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते तृणधान्यांत बरे असते आणि तिळात तर भरपूर असते. भाकरी आणि डाळ एकमेकींची उणीव भरून काढतात ती अशी.

ओटमील खाणारी कुत्र्याची पिल्ले

स्निग्ध पदार्थांची कथा योगायोगाने ओटपासूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत असंख्य मुलांना मुडदूस होता. एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात ठेवून मुख्यतः ओटमीलसारख्या धान्यावर वाढवले. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल देताच तो टळला. हे प्रयोग १९१९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्या तेलातला गुणकारी घटक म्हणजे ड जीवनसत्त्व, हे पुढे १९२२ साली मॅकॉलम यांनी दाखवले. धान्यातले फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, हेही मेलनबींच्या पुढील कामातून पुढे आले. आपल्याकडे धान्य भिजवण्याची, आंबवण्याची, मोड आणण्याची रीत आहे. तिने हे फायटिक आम्ल कमी होते.

यातून एवढे कळले की अन्नातली चरबी नुसते इंधन नाही, काही जीवनसत्त्वे तिच्यातूनच वाहून नेली जातात. पुढची पायरी १९२९ सालची. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्णपणे चरबीविरहित आहार दिला. जीवनसत्त्वे वेगळी दिली होती, तरी उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले. थोडीशी विशिष्ट चरबी दिल्यावर ते सुधारले. तिच्यातला आवश्यक घटक लिनोलेइक आम्ल हा होता. शरीर तो स्वतः बनवू शकत नाही.

मराठवाड्याच्या वाचकाला हे जवळचे वाटावे, कारण करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. दुसरे आवश्यक मेदाम्ल म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. जवसाच्या तेलात ते जवळजवळ निम्मे असते. शहरात ओटवर भुरभुरली जाणारी जवसाची पूड आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चटणी म्हणून भाकरीवर येत आहे.

कुन्नूरची पंगत

भारतात आहाराचा शास्त्रीय अभ्यास निलगिरीतल्या कुन्नूरला सुरू झाला. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली तिथे लहानशी प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांनी एकसारख्या उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एका समाजाचा आहार दिला : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. १४० दिवसांनी वजने केली, तेव्हा शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचे भरले, मद्रासी आहारावरचे १५५ ग्रॅमचे. मराठा आहार तिसऱ्या क्रमांकावर, पठाणांच्या खालोखाल होता. शीख आहारात अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या होत्या. मद्रासी आहाराचा भर सडलेल्या तांदळावर होता.

या प्रयोगाचा उपयोग त्या काळी 'लढवय्या' आणि 'दुबळ्या' जमातींच्या कल्पनांना दुजोरा द्यायलाही झाला. पण त्याने नेमके उलटे दाखवले होते. सर्व उंदीर एकाच जातीचे होते. फरक त्यांच्या रक्तात नव्हता, ताटात होता.

ज्वारीचे कोडे

ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. त्या आधी दोनच वर्षे, १९५६ पर्यंत, बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. दख्खनच्या या पठारावर ज्वारी हेच गरिबांचे अन्न होते आणि हैदराबादच्या परिसरातल्या ज्वारी खाणाऱ्या मजुरांत पेलाग्रा दिसत होता. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळे चट्टे, जुलाब आणि मानसिक लक्षणे असे या रोगाचे स्वरूप. पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून ओळखला जात होता. ज्वारीत नायसिन हे जीवनसत्त्व मक्याइतके दुर्लभ नाही, मग हे कसे?

डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली एक उत्तर सुचवले. मका आणि ज्वारी या दोन्ही धान्यांच्या प्रथिनांत ल्युसिन हे अ‍ॅमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते, ते नायसिनच्या कामात अडथळा आणत असावे. म्हणजे एखादा मणी कमी असण्याइतकेच एखादा मणी फार असणेही त्रासाचे ठरू शकते. या उपपत्तीवर पुढे वाद झाले, सगळ्या प्रयोगांचे निकाल सारखे आले नाहीत, ब-६ जीवनसत्त्वाचाही संबंध पुढे आला. पण व्यवहारापुरता धडा वादातीत होता. ज्वारी वाईट नव्हती, रोग्यांच्या ताटात ज्वारीशिवाय फारसे काही नव्हते. डाळ, दूध, शेंगदाणे खाणाऱ्या ज्वारीच्या मुलखातल्या माणसांना पेलाग्रा होत नव्हता.

प्रथिनांची दरी आणि पांडुरंग सुखात्मे

याच काळात जगभर प्रथिनांचा गजर सुरू झाला होता. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, मक्याच्या लापशीवर वाढणाऱ्या मुलांमधल्या रोगाचे वर्णन १९३३ साली केले आणि १९३५ साली त्याचे 'क्वाशिओरकोर' हे स्थानिक नाव जगापुढे आणले. पाय सुजलेले, केस विरळ, मूल मलूल. कारण मानले गेले ते प्रथिनांची कमतरता. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसाठी प्रथिन सल्लागार गट नेमला गेला आणि १९६८ साली तर 'येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा'चा इशारा देणारा अहवाल निघाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ तीन भाग आणि भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ एक भाग असे 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले. पुढे माशांचे पीठ, लायसिन मिसळलेला पाव अशा अनेक योजना आल्या.

या गजरावर शंका घेणाऱ्यांत एक मराठी संख्याशास्त्रज्ञ होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९५१ ते १९७१ अशी वीस वर्षे ते रोमला अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे त्यांनी निराळ्या रीतीने मांडले. प्रत्येक कुटुंबाला किती प्रथिने मिळतात आणि किती उष्मांक मिळतात, हे त्यांनी एकाच वेळी पाहिले. दिसले ते असे : ज्यांना प्रथिने कमी पडत होती त्यांतल्या बहुतेकांना आधी पोटभर अन्नच मिळत नव्हते. धान्य-डाळीचा नेहमीचा आहार पुरेसा मिळाला, तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागत होती. उष्मांक अपुरे असले की शरीर प्रथिनांचेच सरपण करते. चूल पेटवायला दाराची फळी जाळावी तसे.

हैदराबादला गोपालन यांना वेगळ्या वाटेने हेच दिसले. क्वाशिओरकोर झालेल्या आणि नुसत्याच सुकलेल्या मुलांच्या आहारात त्यांना प्रथिनांच्या प्रमाणाचा फरक आढळला नाही. १९७३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतल्या कुपोषित मुलांना चौदा महिने रोज गव्हाचे पीठ, साखर आणि खाद्यतेल यांचा खाऊ दिला होता. त्यातून ३१० उष्मांक आणि फक्त ३ ग्रॅम प्रथिने मिळत. तरीही मुलांची उंची आणि वजन लक्षणीय वाढले. दुसऱ्याच वर्षी डोनाल्ड मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रथिनांच्या सगळ्या मोहिमेला फसगत म्हणून टाकले.

सुखात्मे नंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून कुपोषितांची संख्या फुगवून सांगितली जाते, अशी पुढची मांडणी त्यांनी केली. तिला वि. म. दांडेकरांनी संख्याशास्त्राच्या आणि गोपालन यांनी पोषणशास्त्राच्या बाजूने कडाडून विरोध केला. खुरटलेल्या मुलाला 'जुळवून घेतलेले' म्हणणे म्हणजे त्याच्या भुकेवर पांघरूण घालणे, हा त्या विरोधाचा गाभा होता.

वाटीचे गणित

१९७३ च्या प्रयोगात तेल का होते? इथे न्याहारीतल्या स्निग्ध पदार्थांचे खरे मोल कळते. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ शिजवून लापशी केली, तर तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ उष्मांक असतात. वर्षाच्या आसपासचे ८ किलोचे मूल घेऊ. जठरात किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावते, म्हणजे एका वेळी २४० ग्रॅम. त्यातून त्याला मिळतात ८४ उष्मांक. त्याची दिवसाची गरज, आईचे दूध धरून, साडेसहाशेच्या आसपास असते. पोट तट्ट भरूनही मूल उपाशी राहते ते असे.

आता त्याच वाटीत एक चमचा (५ ग्रॅम) तेल आणि १० ग्रॅम शेंगदाण्याचा बारीक कूट घाला. तेलाचे ४५ आणि कुटाचे ५७ उष्मांक मिळून वाटी १८६ उष्मांकांची झाली, आणि अडीच ग्रॅम प्रथिनेही वाढली. वाटी तेवढीच, शक्ती दुपटीहून जास्त. दुसरा उपाय मोड आणण्याचा. मोड आलेल्या धान्यात पिष्ट तोडणारे अमायलेज हे विकर तयार होते. त्याचे थोडेसे पीठ घातले की घट्ट लापशीही पातळ, गिळायला सोपी होते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. बडोद्याला तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरेच काम केले. आपले नाचणीचे सत्त्व करताना धान्याला मोड आणतात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे.

दुष्काळ आणि शेजारचे जामखेड

१९७२ च्या दुष्काळात हा सारा प्रश्न या भागात उघडा पडला. परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी ज्येष्ठांच्या आठवणीत आजही आहे. आष्टीला लागूनच असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. गावकऱ्यांची पहिली गरज औषधांची नव्हती, अन्नपाण्याची होती, हे त्यांना लगेच कळले. त्यातून लहान मुलांसाठी गावोगाव सामूहिक स्वयंपाक सुरू झाले. पुढे गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. मुलांना काय आणि कसे भरवायचे, हे त्या शेजारणीला तिच्याच चुलीपाशी बसून सांगत. १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. लसीकरण, स्वच्छ पाणी, सुईणींचे प्रशिक्षण या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण त्यातली अन्नाची जोड बाजारातून आणलेल्या डब्यातली नव्हती.

लंबक पुन्हा मध्याकडे

प्रथिनांचा प्रश्न १९७४ ला संपला असे वाटले, तरी तो संपला नव्हता. प्रौढांना किलोमागे रोज १२ मिलिग्रॅम लायसिन पुरते, असे १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने म्हटले होते. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेत डॉ. अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी भारतीय माणसांवर केलेल्या मोजमापांतून, आणि इतरत्रच्या कामातूनही, गरज बरीच जास्त दिसली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने हा आकडा ३० केला.

याचा अर्थ काय, ते करून पाहू. ४५ किलो वजनाच्या बाईला रोज १३५० मिलिग्रॅम लायसिन हवे. ती दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारी खात असेल तर तिला उष्मांक मिळतात १४०० च्या आसपास, पण लायसिन मिळते साधारण ८५०. पोट भरूनही लाल मणी अपुरेच. ६० ग्रॅम डाळ जोडली की लायसिन सतराशेच्या पुढे जाते. म्हणजे पोटभर अन्न मिळणे हा पहिला प्रश्न, हे सुखात्म्यांचे म्हणणे खरे. नुसत्या भाकरीने पोट भरणे पुरेसे नाही, हेही खरे. आणि लहान पोटात हे सगळे मावायचे तर स्निग्ध पदार्थ हवेतच.

कड्याच्या शाळेत

दसरा-दिवाळीनंतर आष्टी तालुक्यातली आणि बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. पहाटे फडावर निघताना मुलांच्या हाती भाकरीचा तुकडा पडतो, कधी नुसता चहा. गावात मागे राहिलेली मुलेही कित्येकदा चहा पिऊनच शाळेत येतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, त्यासाठी १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल असावे, असे प्रमाण ठरले आहे. या प्रमाणात वर सांगितलेला सगळा इतिहास सामावलेला आहे. म्हणून खिचडीत डाळ आणि तेल मापाने पडते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. पण हे जेवण येते दुपारी. सकाळचे काय?

आठवी-नववीच्या वर्गात हे गणित मुलांकडूनच करून घेता येईल. ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे २१० उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिने आणि १ ग्रॅम चरबी. तिला २० ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी, ३० ग्रॅम बेसनाचे पिठले आणि चमचाभर तेल जोडले की होतात सुमारे ४८० उष्मांक, १७ ग्रॅम प्रथिने, १६ ग्रॅम चरबी. भाकरीत लायसिन होते १३० मिलिग्रॅम, पिठल्याने त्याच्या तिप्पट आणखी दिले. ६० ग्रॅम ओटमीलमध्येही प्रथिने ८ ग्रॅमच असतात, जोड त्यालाही लागतेच. तुलनेसाठी मुलांनी आपापल्या घरच्या न्याहारीचा तक्ता करावा : कोरड्यास काय होते, किती होते, आणि ते घरात सगळ्यांच्या वाट्याला आले का. शेवटचा रकाना वगळू नये. शेवटी जेवणाऱ्या आईच्या ताटात बहुधा भाकरी असते, कोरड्यास संपलेले असते.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. कारण निघाले बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकावेत आणि शेंगा कोरड्या जागी ठेवाव्यात.

भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो आणि हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे घातलेली भाजी करतो. तृणधान्य, डाळवर्गातले धान्य आणि तेलबी एकाच ताटात. हा एका दिवसाचा सण वर्षभराच्या न्याहारीत कसा उतरेल, हा प्रश्न आता पोषणशास्त्राचा कमी आणि डाळ-तेलाच्या भावाचा, मजुरीचा आणि घरातल्या वाटपाचा जास्त आहे.